पोहणारी जीप

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जीप आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. आपल्यापैकी अनेकांनी तालुक्याच्या गावाला जाताना तिच्या मागच्या फळीवर अर्धं अंग बाहेर ठेवून प्रवास केलेला असेल. पण या जीपला एक बहीण होती आणि ती पाण्यात पोहायची, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या फोर्ड कंपनीनं ती बनवली. कागदोपत्री तिचं नाव ‘जीपीए’. सैनिकांनी मात्र समुद्रासाठीचा इंग्रजी शब्द आणि जीप एकत्र करून तिला ‘सीप’ म्हणायला सुरुवात केली. १९४२ आणि १९४३ या दोन वर्षांत अशा १२,७७८ गाड्या तयार झाल्या. त्यातल्या ज्या आज उरल्या आहेत, त्या बहुतेक हौशी माणसांकडे आहेत. घरामागच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी, वर्षानुवर्षं खपून ही माणसं त्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. त्या कामाविषयी आज बोलायचं आहे.

आधी एक कबुली देतो. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रविद्या शिकलेलो नाही. पण माझे मामू खाडीतल्या लाँचवर तांडेल होते आणि शाळेच्या सुट्ट्या मी त्यांच्या इंजिनाच्या खोलीत, डिझेलच्या वासात काढल्या आहेत. पुढं मी जे सांगणार आहे ते थोडं वाचून आणि थोडं त्या खोलीत पाहून.

ही गाडी म्हणजे होडीच्या आकाराच्या पोलादी टबात बसवलेली जीप. इंजिन जीपचंच, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. गिअरबॉक्सही जीपची. तिथून एक जास्तीचा दांडा मागं जातो आणि शेपटाखालचा पंखा फिरवतो. पाण्यात वळण्यासाठी मागं सुकाणू असतं आणि ते स्टिअरिंगच्या चाकालाच तारेनं जोडलेलं असतं, म्हणजे ड्रायव्हरला हात बदलावा लागत नाही. पुढं लाटेचं पाणी आत येऊ नये म्हणून उभी करायची एक फळी, नाकावर दोर गुंडाळायचं रहाट, आत आलेलं पाणी उपसायला पंप आणि तळाला पाणी सोडायची बुचं. रस्त्यावर ही गाडी ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जायची, पाण्यात आठ-नऊ. म्हणजे पाण्यात ती भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडीच पुढं.

टबाचा आकार ठरवला तो स्पार्कमन अँड स्टीफन्स या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध नौका-आरेखकांच्या संस्थेतल्या रॉडरिक स्टीफन्स यांनी. शर्यतीच्या शिडाच्या बोटी घडवणारी ही मंडळी. त्यामुळं आकारात फारशी चूक नव्हती. चूक झाली ती वजनात. ठरलं होतं की गाडी साधारण १,२०० किलोची होईल. तयार होऊन बाहेर पडली तेव्हा ती १,६०० किलोची झाली होती आणि टब मात्र तेवढाच ठेवला होता.

आता याचा अर्थ काय होतो ते पाहा. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे आपण शाळेत शिकलो. चारशे किलो जास्त म्हणजे चारशे लिटर पाणी जास्त सारायचं. ही गाडी लांबीला साडेचार मीटरहून थोडी अधिक आणि रुंदीला दीड मीटरहून थोडी अधिक. भागाकार केला तर उत्तर येतं साडेपाच-सहा सेंटीमीटर. एवढीच ती जास्त बुडते. तीन-चार बोटं. पण होडीचा काठ पाण्याच्या वर मुळातच थोडासा असेल, तर त्यातली चार बोटं जाणं म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यात पाच शिपाई बसायचे, त्यांच्या बंदुका, सामान. १९४३ मध्ये सिसिली बेटावरच्या चढाईत या गाड्या वापरल्या गेल्या. शांत तळ्यात, नदीत ठीक. उसळत्या समुद्रात लाट सरळ आत यायची. जमिनीवर ती जीपपेक्षा जड आणि बोजड, पाण्यात होडीपेक्षा दुबळी. अमेरिकी सैन्याचं तिच्यावरून मन उडालं. उधार-भाडे योजनेखाली बऱ्याच गाड्या सोव्हिएत रशियाला गेल्या, आणि तिथं मात्र त्या फार आवडल्या, कारण तिथं समुद्र नव्हे तर एकामागून एक नद्या ओलांडायच्या होत्या. युद्धानंतर रशियानं तिच्यावरूनच ‘गाझ-४६’ नावाची आपली गाडी काढली. एकाच यंत्राला एका देशात नाव ठेवलं गेलं आणि दुसऱ्या देशात नक्कल व्हावी इतकी पसंती मिळाली. यंत्र तेच, पाणी वेगळं.

अशी एखादी गाडी सत्तर-ऐंशी वर्षांनी कुणाला तरी गोठ्यामागं किंवा भंगाराच्या आवारात सापडते. पंखा काढून टाकलेला, सुकाणू गायब, टबाला कुणीतरी सोयीसाठी भोकं पाडलेली. इथून घरच्या कारखान्यातलं काम सुरू होतं.

इंजिनाची चिंता सर्वांत कमी. जीपचं इंजिन आणि त्याचे सुटे भाग जगभर मिळतात, कारण ती गाडी लाखांनी बनली आणि युद्धानंतर अनेक देशांत बनत राहिली. आपल्याकडं मुंबईत महिंद्र कंपनीनं स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच विलीसची जीप जोडायला घेतली. (ही कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचं नाव ‘महिंद्र अँड महंमद’ होतं. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री आणि पुढं गव्हर्नर जनरल झाले; इथं पाटीवर दुसऱ्यांदा ‘महिंद्र’ आलं. पाटी बदलली, जीपचे नटबोल्ट तेच राहिले.) सांगायचा मुद्दा असा की, जीपचं इंजिन ओळखणारा मिस्त्री आपल्याकडं आजही शोधला तर सापडतो. अडचण आहे ती जीपमध्ये नसलेल्या गोष्टींची: सुकाणू, पंखा, पंप, रहाट. त्या फक्त याच गाडीला होत्या आणि फक्त दोनच वर्षं बनल्या.

पण खरं काम पत्र्याचं. या टबाच्या आत जीपची चौकट बसवलेली असते. चौकट आणि तळाचा पत्रा यांच्या मधल्या सापटीत जुनी रेती, चिखल, तेल साचून राहतं आणि ते ओलं धरून ठेवतं. वरून पत्रा धड दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं की आरपार जातं. म्हणून गाडी पूर्ण मोकळी करावी लागते. इंजिन काढा, आस काढा, चौकट काढा आणि मग टब उलटा घाला. रेतीच्या झोतानं गंज उडवला की खरा पत्रा किती उरला आहे ते दिसतं. अनेक जण इथंच खचतात. चार महिन्यांत तळ्यावर जायचं म्हणून आणलेली गाडी चार वर्षं शेडमध्ये उलटी पडून राहते.

साधी जुनी मोटार दुरुस्त करताना इथं एक पळवाट असते. कुजलेल्या जागी पुट्टी भरायची, घासायची, वर रंग मारायचा. दिसायला झकास. प्रदर्शनात बक्षीसही मिळेल. पोहणाऱ्या गाडीला ही पळवाट नाही. ती पाण्यात गेली की पाच मिनिटांत पुट्टी कुठं भरली आहे ते पाणी दाखवतं. त्यामुळं कुजलेला तुकडा कापून नवा पत्रा घालावा लागतो आणि सांधा सलग वेल्ड करावा लागतो. सलग वेल्ड करताना पातळ पत्रा तापून वाकतो, म्हणून इथं थोडं, तिथं थोडं, मध्ये थंड होऊ देत, असं जावं लागतं. घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.

वेल्डिंग झालं की तपासणी. पाण्यात नेण्याआधी घरीच करण्याच्या दोन जुन्या युक्त्या आहेत. रात्री टबात प्रखर दिवा ठेवायचा आणि बाहेरून पाहायचं. जिथं प्रकाशाचा ठिपका दिसेल तिथं खडूनं खूण. दुसरी युक्ती उलटी. टब ठोकळ्यांवर ठेवून आतच थोडं पाणी भरायचं आणि खाली आडवं होऊन थेंब कुठून येतो ते पाहायचं. लाकडी होडी असेल तर फटीत तेलात भिजवलेला कापूस ठासतात आणि लाकूड स्वतः फुगून मदत करतं. पोलाद अशी मदत करत नाही.

आता सर्वांत नाजूक जागा. इंजिन टबाच्या आत आणि चाकं टबाच्या बाहेर. म्हणजे फिरता दांडा पत्र्याला भोक पाडूनच बाहेर न्यावा लागतो. पुढच्या चाकांसाठी, मागच्या चाकांसाठी आणि पंख्यासाठी. होडीच्या तळाला आपणहून पाडलेली ही भोकं. दांडा फिरला पाहिजे आणि पाणी आलं नाही पाहिजे, या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. यावर दोन उपाय असतात: एक रबराचा मोजा आणि त्याला आवळणारी पट्टी, दुसरा लाँचवाले वापरतात ती ग्लँडची डोरी. चरबीत भिजवलेली डोरी दांड्याभोवती गुंडाळून वरून नटानं दाबायची.

मामू मला तिथं हात लावायला सांगायचे. पहिल्यांदा मला पाण्याचे थेंब पडताना दिसले आणि मी ओरडलो, मामू, गळतंय! ते हसले. म्हणाले, थेंब पडतोय ना? मग ठीक. बंद झाला की सांग. पुढं कळलं की, डोरी फार आवळली तर गळणं थांबतं, पण दांडा कोरडा घासून तापतो आणि शेवटी जळतो. थोडं पाणी येऊ द्यायचं आणि ते उपसत राहायचं, हाच तिथला बरोबर हिशेब. रबराच्या मोज्याचं मात्र तसं नाही. तो गळला की बिघडला.

आणि तो बिघडला तर काय होतं, याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. याच काळातलं ‘डक’ नावाचं मोठं वाहन होतं, सहा चाकांचा पोहणारा ट्रक. युद्धानंतर अमेरिकेत असे ट्रक पर्यटकांना तळ्यात फिरवू लागले. १ मे १९९९ रोजी आर्कान्सा राज्यातल्या हॉट स्प्रिंग्ज या गावाजवळच्या तळ्यात असा एक ट्रक उतरला आणि काही मिनिटांतच मागच्या बाजूनं बुडाला. चालक धरून एकवीस जण होते. तेरा मरण पावले, त्यांत मुलंही होती. सरकारी चौकशीत कारण निघालं ते दांड्यावरच्या रबरी मोज्याचं. त्याची पट्टी नीट धरलेली नव्हती. अपघातापूर्वी काही दिवसच या गाडीत पाणी शिरलेलं दिसलं होतं आणि तिची दुरुस्तीही झाली होती. वर ऊन लागू नये म्हणून छत घातलेलं होतं; ट्रक खाली जाताना लोक त्या छताखाली अडकले. गाडी युद्धातून आली होती, पण माणसं गेली ती एका सैल पट्टीनं आणि उन्हाच्या छतानं.

बरं, सुरक्षिततेसाठी काही जास्तीचं घालावं तर तेही आंधळेपणानं चालत नाही. लंडनमध्ये सप्टेंबर २०१३ मध्ये थेम्स नदीत अशाच एका वाहनाला आग लागली. प्रवाशांना पाण्यात उड्या माराव्या लागल्या. सुदैवानं सगळे वाचले. बुडू नये म्हणून टबाच्या पोकळीत तरंगणाऱ्या फोमचे ठोकळे भरले होते. तेलकट झालेला तो फोम फिरत्या दांड्याला घासून तापला आणि पेटला, असा निष्कर्ष ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागानं काढला. पाण्यापासून वाचवण्यासाठी घातलेली वस्तूच जळाली.

म्हणून घरच्या शेडमध्ये काम करणाऱ्या माणसापुढं एक प्रश्न उभा राहतो आणि मला वाटतं या छंदातला तोच खरा प्रश्न आहे. गाडी मूळ होती तशी करायची, की बुडणार नाही अशी करायची? मूळ नकाशाबरहुकूम केली तर काठ तोच, चार बोटं कमी असलेला. विजेचा जास्तीचा पंप बसवला, तर मूळ सहा व्होल्टची वीजव्यवस्था बदलावीशी वाटते. ती बदलली की दिवे बदलतात, डायनामो बदलतो आणि जाणकार येऊन नाक मुरडतात. माझं मत विचाराल तर, जी गाडी पाण्यात नेणार, तिच्यात पंप घालावा. बायकामुलांना बसवून तळ्यात उतरताना १९४२ सालाशी प्रामाणिक राहण्यात मला काही पुण्य दिसत नाही. ज्याला अस्सल मूळ रूपच हवं आहे त्यानं ती काठावर उभी करावी. तोही मान आहे.

पण ‘मूळ’ म्हणजे तरी कधीचं? कवीला हा प्रश्न ओळखीचा आहे. तिसाव्या वर्षी लिहिलेली कविता पन्नाशीत दुरुस्त करायला घेतली, तर मूळ कोणती, पहिल्या वहीतली की छापलेली? गाड्यांच्या बाबतीत या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उदाहरण आहे ‘हाफ-सेफ’ नावाची जीपीए. आणि तिची गोष्ट आपल्याच देशात सुरू होते.

बेन कार्लिन हा पश्चिम ऑस्ट्रेलियातला खाण अभियंता. युद्धात तो भारतीय सैन्याच्या अभियंता दलात होता, मेजरपर्यंत पोचला. १९४६ च्या मार्चमध्ये बंगालातल्या कलाईकुंडा विमानतळावर, आजही तिथं हवाई दलाचा तळ आहे, टाकून दिलेल्या सामानात त्याला एक जीपीए दिसली. तिची थोडी डागडुजी केली तर हिच्यातून जगाला फेरी मारता येईल, असं तो सोबतच्या अधिकाऱ्याला म्हणाला. सोबत्यानं वेड्यात काढलं. कार्लिननं मात्र अमेरिकेत जाऊन लिलावात तशी दुसरी गाडी घेतली आणि मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला तिच्यावर काम सुरू केलं. पुढं टोकदार नाक जोडलं आणि त्यात इंधन भरण्याची सोय केली. वर बंद केबिन बांधली. नाव दिलं ‘हाफ-सेफ’, म्हणजे अर्धी सुरक्षित. ते त्यानं तेव्हाच्या एका डिओडरंटच्या जाहिरातीतून उचललं होतं!

सोबत त्याची बायको, एलिनोर. ती रेडक्रॉसची अमेरिकन परिचारिका, भेट भारतातच झालेली. १९४८ मध्ये त्यांचे काही प्रयत्न फसले. एकदा इंजिनाचा धूर केबिनमध्ये कोंडून दोघं मरता मरता वाचली. एकदा भर समुद्रात पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग जळालं. ते वाचताना मला मामूंचा थेंब आठवला. अखेर १९ जुलै १९५० रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून ती निघाली आणि महिनाभर अटलांटिकवर हेलकावे खात अझोर्स बेटांवर पोचली. एलिनोरला समुद्र लागायचा, आणि खोक्याएवढ्या केबिनमध्ये इंजिनाशेजारी तिनं तो महिना काढला. कार्लिनचं धाडस सगळे सांगतात. मला तिचं जास्त वाटतं. पुढं आफ्रिकेचा किनारा, युरोप, मग इराण, पाकिस्तान, कलकत्ता. त्यानंतर एलिनोर या प्रवासातून बाजूला झाली. वेगवेगळे सोबती घेत कार्लिन जपानला गेला, तिथून अलास्काला, आणि १९५८ च्या मे महिन्यात माँट्रियलला पोचून त्यानं फेरी पुरी केली. समुद्रावर सतरा हजार किलोमीटरहून अधिक, जमिनीवर बासष्ट हजारांहून अधिक. जमीन आणि पाणी दोन्हींवर चालणाऱ्या वाहनातून अशी फेरी दुसऱ्या कुणी पुरी केलेली नाही.

कार्लिन १९८१ मध्ये वारला. त्याची गाडी आज ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या गिल्डफर्ड ग्रामर स्कूल या त्याच्या शाळेत ठेवलेली आहे. आता समजा, एखादा कसबी माणूस उद्या म्हणाला की, मी हिची मूळ जीपीए करून देतो, नाक कापतो, केबिन उतरवतो, फोर्डच्या नकाशाप्रमाणे रंग देतो. कारागिरीत खोट नसेल. पण त्या नाकासकट, त्या केबिनसकट, अटलांटिकमध्ये आणि रस्त्याकडेला मारलेल्या ठिगळांसकटच ती ‘हाफ-सेफ’ आहे. तिच्या बाबतीत दुरुस्ती म्हणजे गंज थांबवणं आणि हात आवरणं.

बाकीच्या, नाव नसलेल्या गाड्यांच्या बाबतीत हात आवरायचा नसतो. त्यांचे मालक एखाद्या रविवारी गाडी तळ्याकाठी आणतात. उताराला लावतात. एक जण तळाशी वाकून बुचं लागली आहेत की नाहीत ते हातानं चाचपतो, कारण शेडमधून निघताना पाणी निथळायला ती काढलेली असतात आणि हमखास विसरली जातात. मग गाडी पाण्यात उतरते, चाकं जमीन सोडतात. पंखा जोडण्याआधी अनुभवी माणूस दोरी काठावर कुणाच्या तरी हातात देऊन तशीच दहा मिनिटं बसून राहतो, आणि आतली फळी उचलून बॅटरीच्या उजेडात पाहतो की पाणी किती आलं.